झेंड्याचं रान

आमच्या रानाला गावात झेंड्याचं रान म्हणतात. पलूसपासून आठेक किलोमीटरवर, सागरेश्वरच्या डोंगराच्या पायथ्याला साडेचार एकर जमीन. निम्म्यात ऊस, निम्म्यात कधी मका, कधी हरभरा. आणि बांधाच्या कडेनं, सरीत, विहिरीजवळ हातभर उंचीच्या काठ्यांवर लाल पत्र्याचे तिकोनी तुकडे. जमिनीखाली पाइप असेल तिथं एक, व्हॉल्व्ह असेल तिथं एक, मोटारीची केबल वळते तिथं दोन. शेजारचा तानाजी म्हणायचा, सुभेदाराच्या रानात पीक कमी आणि जत्रा जास्त. आबा हसायचे नाहीत, रागवायचेही नाहीत. एखादा झेंडा कलला असेल तर वाकून सरळ करायचे आणि पुढं जायचे.

आबा म्हणजे माझे वडील, नाथाजी. पंचवीस वर्षं फौजेत, इंजिनिअर पलटणीत. पूल बांधायचे, रस्ते करायचे आणि सुरुंग पेरायचे. आमच्या घरात 'पेरणे' हा शब्द दोन्ही अर्थांनी वापरला जायचा आणि लहानपणी मला त्यात काही वेगळं वाटायचं नाही.

सुरुंगाची गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली. माझं नर्सिंग संपून मिरजेच्या एका इस्पितळात नोकरी लागली होती. पहिल्या सुट्टीला घरी आले तेव्हा त्यांनी विचारलं, पाय तुटलेली माणसं तुझ्याकडे येतात का? मी म्हटलं, येतात, साखरेची येतात, अपघाताची येतात. मग ते सांगायला लागले. एका साली सरहद्दीवर फौजा समोरासमोर उभ्या होत्या. यांच्या तुकडीनं तिथल्या शेतकऱ्यांच्या उभ्या मोहरीत सुरुंग पेरले. प्रत्येक ओळ नकाशावर. काही महिन्यांनी सगळे काढायचा हुकूम आला. काढताना एका ओळीत एक कमी भरला. मधल्या काळात कालव्याचं पाणी फुटून चिखल सरकला होता, त्याबरोबर तोही सरकला असणार. चार दिवस शोधला. पाचव्या दिवशी तुकडी हलवायची होती, आणि रान साफ झालं म्हणून कागदावर सही लागत होती. आबांनी सही केली.

पुढं कळलं, ज्या म्हाताऱ्याचं ते शेत होतं, जो यांना रोज घागरभर ताक आणून द्यायचा, त्याचा पाय गेला.

"नकाशा खोटा हुता," आबा म्हणाले, "आन खाली सही माजी हुती."

त्यानंतर त्यांनी नोकरी फार वर्षं केली नाही. गावी आले आणि पहिल्या महिन्यात आखीव कागदाची एक जाड वही आणली. जमिनीत जे जे पुरलं जाईल ते तिच्यात उतरायचं, लाल पेन्सिलीनं, पावलं मोजून, खाली तारीख आणि सही. जो पेरेल त्यानंच नोंद करायची, त्यानंच झेंडा लावायचा आणि त्यानंच काढायचं. आमच्याकडे नियम म्हणून एवढाच होता. बाकी उशिरा उठलं, देवाला हात जोडले नाहीत, तरी चालायचं.

झेंड्यांना कधीच न हसलेला माणूस गावात एकच, इलाहीचाचा. आबांचा शाळासोबती. स्टँडजवळ त्यांचं मोटारी दुरुस्त करायचं दुकान. जळालेली मोटार उघडून तांब्याची तार नव्यानं भरायचे. भरणी खरं तर साबेराचाचीची, त्यांच्या बायकोची. तिच्या बोटांतून तार अशी बसायची की चाचा म्हणायचे, मी नुसता स्क्रू आवळणारा. चाचांच्या खिशाला कायम टेस्टर. कुणाच्याही रानात गेले की आधी टेस्टर लावून बघायचे, मगच हात घालायचे. आमच्या रानात मात्र टेस्टर खिशातच राहायचा. चपला बांधाला काढून अनवाणी चालायचे.

"नाथाच्या रानात डोळं मिटून चालावं," म्हणायचे.

मोटारीच्या पेटीवर लाल दिवा बसवायची कल्पना आबांची, बसवला चाचांनी. शेतीची लाईट आमच्याकडे पाळीनं येते, काही दिवस दिवसा, काही दिवस रात्री. लाईन चालू आहे का बंद, हे घरात बसून कळावं म्हणून तो दिवा. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नीट दिसायचा. तोही एक झेंडाच.

मग डोंगरातून डुकरं उतरायला लागली. सुरुवातीला पाच-सहा, मग वीस-वीस. एका पहाटे अर्धा एकर मका आडवा. माझा धाकटा भाऊ जयराज शेत बघायचा. तोच नांगरायचा, तोच पाणी पाजायचा, आणि सकाळी उठून लोळवलेला मका बघायचीही पाळी त्याचीच. तो म्हणाला, वरच्या अंगाला सगळे करतात तसं आपण करू, बांधाकडेनं तार ओढू, करंट सोडू. आबांनी जुनी लुगडी बांधली, डबे टांगले, चर खणला. डुकरं चरातून आली. जयराजनं पुन्हा तारेचं काढलं तेव्हा आबा जेवता जेवता थांबले.

"करंट जीव वळखून थांबतो व्हय रं?" एवढंच विचारलं. जयराज ताटावरून उठून गेला.

गेल्या थंडीत मी आठ दिवसांची रजा काढून आले. आई जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. जयराजची बायको साक्षी दोन वर्षांच्या मायाला घेऊन फलटणला माहेरी गेली होती. घरात आम्ही तिघंच. आल्या आल्या मला घर आवडलं नाही. आबा आणि जयराज बोलत होते, पण पावसापाण्याचं, परक्या माणसांसारखं.

दुसऱ्या दिवशी आबा फेरीवरून आले ते फावड्यावर मुंगूस घेऊन. फेरी म्हणजे रोज सकाळी साडेसहाला सगळ्या बांधांवरून एक चक्कर, पलटणीतली सवय. मुंगूस त्यांनी अंगणात जयराजसमोर ठेवलं. अंगावर दाताची खूण नाही, रक्त नाही. पुढच्या एका पायाला काळा डाग. जयराज म्हणाला, साप चावला असंल. आबांनी त्याच्याकडे बघितलं, मग मुंगसाकडे, आणि ते पुरायला घेऊन गेले.

त्या दिवसापासून फेरीला जाताना त्यांच्या हातात लोखंडी सळई दिसायला लागली. दोन पावलं टाकायची, पुढची माती टोचून बघायची, मग तिसरं पाऊल. स्वतःच्या रानात. मी खिडकीतून बघत राहायचे. तानाजी बांधावरून हसला, म्हणाला, सुभेदार, शत्रू कुठवर आला? आबांनी मान वर केली नाही.

चौथ्या दिवशी मी वाळलेल्या मिरच्या ठेवायला मोटारखोलीत गेले. खताच्या पोत्यांमागं तारेचं भेंडोळं होतं. तारेला ओलं गवत अडकलं होतं आणि राठ काळे केस.

जयराजला गोठ्यामागं गाठलं. त्यानं नाकारलं नाही. तीन आठवडे झाले होते. रात्री आबा झोपले की तार लावायची, एक टोक पेटीतल्या फेजला. सकाळी सहाला लाईन आपोआप जाते, तार मेलेली असते. सव्वासहाला जाऊन गुंडाळायची. साडेसहाला आबा निघतात. सगळं घड्याळावर बसवलेलं. झेंडा नाही, वहीत नोंद नाही.

"आक्का, मका निघाला की काढतो. पंधरा दिवसांची तर बात हाय. आबाला कळलं तर घर मोडंल," तो म्हणाला.

मी गप्प बसले. माझी कारणं सांगते. भांडण नको होतं, रजा चार दिवसांची उरली होती. मका जाताना मलाही बघवत नव्हतं. आणि खरं सांगायचं तर आबा जरा अतीच करतात, असं मलाही वाटायचं. दिवसभर इस्पितळात माणसं हातात मरताना बघणारी बाई मी, आणि घरी येऊन घड्याळावर विश्वास ठेवला.

तेव्हापासून सहाच्या आधी मला जाग यायची. अंधारात खिडकीशी उभी राहायचे. लाल दिवा दिसायचा. सहा वाजले की तो विझायचा, मग मी चुलीकडे वळायचे. तीन सकाळी असंच गेलं.

माझ्या रजेचा शेवटचा दिवस. आदल्या दुपारी जयराज साक्षीला आणायला फलटणला गेला होता. अंधार पडायच्या सुमारास परत येतो म्हणाला होता, पण जाताना मक्याच्या आडोशानं तार लावून गेला होता, नुसती पेटीतली कळ दाबायची ठेवली होती. तो वेळेत आला नाही, आणि कळ त्याच्या सांगण्यावरून गावातल्या एका दोस्तानं दाबली, हे मला मागाहून कळलं. सकाळी सव्वासहाला त्याचा फोन आला. रात्री गाडी बिघडली, अजून वाटेतच आहे. "लाईट सहाला गेली असंल, भ्यायचं काय न्हाई. फकस्त आबाला सात वाजेपर्यंत धर. मी येऊन तार गुंडाळतो."

मी खिडकीतून बघितलं. बाहेर धुकं होतं, गोठासुद्धा दिसत नव्हता. दिवा दिसला नाही. दिवा नाही म्हणजे लाईन नाही. मी चहाचं आधण ठेवलं.

साडेसहाला आबा कानटोपी घालून, सळई घेऊन निघाले आणि त्याच वेळी अंगणात इलाहीचाचांची गाडी थांबली. त्यांना आबांनीच बोलावलं होतं, हे मला माहीत नव्हतं. मोटारीचा काटा रोजच्यापेक्षा जास्त लोड दाखवत होता. करंट कुठंतरी जमिनीत जातोय, असा आबांना संशय. कुठं जातोय ते मला माहीत होतं.

मी आबांना म्हटलं, गोळी घेतलेली नाही, चहा घेऊन जा, आलं घातलंय. ते म्हणाले, आल्यावर. मी हट्टाला पेटले. आज दुपारी मी जाणार, पुन्हा कधी येते कुणास ठाऊक, पाच मिनिटं बसा. लहानपणी रुसायचे तशी रुसले. आबा कट्ट्यावर बसले.

चाचा हसले. "पोरीच्या हातचा च्या सोडू नगंस, नाथा. तू ये मागनं. मी म्होरं हून पेटी उघडतो." मग माझ्याकडे वळून म्हणाले, "माजा कप झाकून ठेव गं."

चाचा गेले तर त्यांना तार दिसेल, ही भीती मला त्या क्षणी वाटली. तीही कशाची, तर ते आबांना सांगतील याची. मग वाटलं, चाचा समजूतदार आहेत, त्यांना नंतर गाठून विनवू. मी दुसरा कप भरला आणि त्यावर बशी झाकली. चाचांनी बांधाच्या तोंडाशी चपला काढल्या. हत्यारांची पत्र्याची पेटी हातात घेऊन ते धुक्यात शिरले.

आबांनी बशीत चहा ओतला. धुकं थोडं हललं, आणि मळ्याच्या टोकाला मला लाल ठिपका दिसला.

मी हाक मारायला तोंड उघडलं. त्याआधी पत्र्याची पेटी पडल्याचा आवाज आला. ओरडणं वगैरे काही नाही.

आबा पळाले नाहीत. मला दंडाला धरून मागं ढकललं, ते स्वतः उसाच्या आतल्या अंगानं गेले, पेटीचा खटका पाडला, सळईनं तार उचलून बाजूला केली आणि मग मला बोलावलं. मी चाचांच्या छातीवर पंचवीस मिनिटं दाब देत होते. मला येतं ते सगळं केलं. गाडीत घातलं तेव्हाही करत होते. पलूसच्या डॉक्टरनं शेवटी माझे हात धरून बाजूला केले.

आदल्या दिवशी लाईन दोन तास बंद होती म्हणून त्या दिवशी आठपर्यंत चालू ठेवली होती. इतकं साधं होतं ते.

पण मधलं एक सांगायचं राहिलं. गाडी यायच्या आधी, मी चाचांच्या छातीवर वाकलेली असताना, आबा पेटीशी उभे राहून तारेचा जोड बघत होते. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मग धुक्यातून घराकडे बघितलं, जिथं कट्ट्यावर कप झाकून ठेवला होता. त्यांनी मला काहीही विचारलं नाही.

मी दवाखान्यातून आले तर आबा वही घेऊन बसले होते. पावलं मोजून तार वहीत उतरवलेली, लाल पेन्सिलीनं, विहिरीपासून वरच्या बांधापर्यंत. तारीख मागची, मुंगूस सापडायच्या आधीची. लावणारा, नाथाजी. खाली सही. पोलीस आले तेव्हा त्यांनी ते पान फाडून हातात दिलं. जयराज तेवढ्यात पोचला होता, मायाला कडेवर घेऊन. त्यानं बोलायला सुरुवात केली.

"माझ्या नकाशात हात घालायचा न्हाई," आबा म्हणाले. "पोरीला आत घिऊन जा."

जयराज आत गेला. मी तिथंच उभी होते आणि मीही काही बोलले नाही.

गुन्हा आबांवर दाखल झाला. चार दिवसांनी जामीन मिळाला. गावात कुणी तोंडावर बोललं नाही, पण पंधरा ऑगस्टला झेंड्याची दोरी ओढायला त्यांना बोलवायचे, ते बंद झालं. जग झेंडे लावून शहाणं करायला निघाला होता आणि स्वतः अशी तार ओढली, असं तानाजी पारावर म्हणाला. ते आबांच्या कानावर गेलं. त्यांनी ऐकून घेतलं. चाचांच्या मातीला ते गेले होते, लांब भिंतीशी उभे राहिले. साबेराचाचीच्या दारात मात्र पुन्हा कधी गेले नाहीत.

जयराज दोनदा पोलीस ठाण्याकडे निघाला. दोन्ही वेळा आबांनी फाट्यावरून परत आणला. तिसऱ्यांदा तो निघाला नाही. त्याला दोष देणारी मी कोण?

मी दर सुट्टीला जायचे. माझ्याशी ते नीट बोलायचे, मिरजेतली खबर विचारायचे, जाताना पिशवीत शेंगा भरून द्यायचे. पण माझ्या हातचा चहा त्यांनी त्या सकाळनंतर घेतला नाही. मी आधण ठेवलं की उठून बाहेर जायचे आणि नंतर स्वतः करून घ्यायचे.

यंदा भादव्यात ते गेले. फेरीवरच, बांधावर बसलेले सापडले. खटला त्यांच्याबरोबर संपला. अंगावर घालायला तिरंगा आणायचं कुणी काढलं नाही, आणि आम्हीही काढलं नाही.

वही माझ्याकडे आली. फाटलेल्या पानाच्या खालचं पान कोरं आहे, पण पेन्सिल इतकी दाबून चालवली होती की तारेची रेघ आणि सही त्यावर उमटलीय. उजेडात तिरकी धरली की दिसते. दोनदा त्यांनी खोट्या नकाशावर सही केली, आणि दुसऱ्यांदा ती आमच्यासाठी.

महिन्यानं मी ती वही घेऊन साबेराचाचीकडे गेले. सगळं सांगायचं ठरवूनच गेले होते. दुकान आता त्यांचा मुलगा अफताब चालवतो. चाची मागच्या सोप्यात तार भरत बसली होती. मी वही उघडली तर तिनं हातानंच थांबवलं.

"मला ठावं हाय. तिसऱ्या दिशी ह्यांची हत्यारं आणायला गेले तवा मोटारीच्या पेटीवर तारंचा तुकडा हुता. नुसता पीळ मारल्याला, टेप न्हाई, काय न्हाई. नाथाभाऊजींचा जोड मी इतकी वर्सं बघितलाय. तो त्यांचा न्हवता."

मी विचारलं, मग बोलली का नाहीस? ती म्हणाली, त्यांनी सही केली होती, मी कशाला खोडू. पोराला पोर हाय.

बोटं तारेवर चालूच होती. मग ती थांबली.

"तुला ठावं हुतं का गं, तार हाय म्हून?"

मी व्हय म्हटलं.

तिनं माझ्याकडे बघितलं. रागानं नाही. राग असता तर मला सोसला असता.

"मग त्यांनाबी च्या द्यायचा हुतास," ती म्हणाली. "च्याला ते कुठंबी थांबायचे."

मी वही मिटली. ती पुन्हा तार भरायला लागली आणि मी उठेपर्यंत तिनं दुसरं काही विचारलं नाही.